माझ्या उजेडात लाल नव्हतं

मी एक जुनी बॅटरी आहे. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, पण खाडीकाठच्या ज्या पोलीस चौकीत मी सहा वर्षं काढली आहेत तिथे मला सगळे बॅटरीच म्हणतात आणि माझ्या पोटातल्या बॅटरीला सेल म्हणतात. माझी नळी काळ्या धातूची आहे. तिला दोन ठिकाणी पोचे आले आहेत आणि बटणावरचं रबर उडालं आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडेही तशा आहेत. पण मी तुम्हांला दुसरी सांगणार आहे. एक माणूस भरतीच्या पाण्यात अडकून पडला होता. त्याच्याकडे नेणाऱ्या खुणेवर मी तीन वेळा उजेड टाकला आणि तीनही वेळा ती खूण पुसून टाकली.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मला डोळे नाहीत. माझा उजेड बाहेर जातो, वस्तूंवर आपटतो आणि जेवढा परत येतो तेवढंच जग मला कळतं. बटण बंद झालं की मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याचं नाव माझ्या अंगावर कोरलं होतं, ते हातांच्या घामाने घासून गेलं. माझ्या कपाळात एक मोहरीएवढा निळा दिवा बसवला आणि त्यावर पिवळ्या पावडरीचा थर दिला. निळा आणि पिवळा मिसळले की माणसाच्या डोळ्याला पांढरं दिसतं. तपासणाऱ्या मुलीने मला भिंतीवर मारून पाहिलं. भिंत पांढरी होती, उजेड पांढरा दिसला, आणि मी पास झाले. लाल कागद तिने माझ्यासमोर धरला नाही. तसं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

माझी निवड झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. चौकीच्या आवारात संध्याकाळी चार बॅटऱ्या मांडल्या होत्या. निवडायचं काम हवालदार गुणाजी धुरी यांच्याकडे होतं. गुणाजी मूळचे देवगडकडचे. पोलिसात त्यांची तीस वर्षं झाली होती आणि आवाज असा, की कुजबुजले तरी पलीकडच्या आळीत कळावं. त्यांची परीक्षा सोपी होती. खाडीपलीकडे एक माड होता. प्रत्येक बॅटरी त्याच्यावर मारायची आणि कोणाच्या उजेडात त्याच्या झावळ्या मोजता येतात ते बघायचं. पहिल्या तिघींच्या उजेडात माड नुसता सावलीसारखा उभा राहिला. माझ्या उजेडात त्यांनी झावळ्या मोजल्या, अगदी नारळसुद्धा मोजले.

"बघा, खंय पोचता ता," ते म्हणाले, आणि मी त्यांच्या कमरेला लागले.

पुढची वर्षं कौतुकाची गेली. मनोरीच्या वाळूवर उशिरापर्यंत पोहणाऱ्यांना मी दुरून दटावलं. वाट चुकलेल्या होडीला किनारा दाखवला. गुणाजी मला मऊ फडक्याने पुसत आणि इतर चौक्यांतल्या लोकांना माझा झोत दाखवत.

मधूनमधून काहीतरी विचित्र घडे. एकदा दिवाळीच्या सुटीत जुहूच्या बंदोबस्ताला आम्हांला बोलावलं होतं. एक मुलगी हरवली होती. आई सांगत होती, जांभळा फ्रॉक आहे. मी गर्दीतून फिरले, एका मुलीवर थांबले आणि पुढे गेले, कारण तिचा फ्रॉक निळा होता. अर्ध्या तासाने तीच मुलगी एका भेळवाल्याच्या जुन्या बल्बखाली रडताना सापडली. फ्रॉक जांभळा होता. गुणाजी म्हणाले, गर्दीत नजर चुकते. माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. लोक अंधारावर संशय घेतात, उजेडावर घेत नाहीत.

सहाव्या वर्षी चौकीत अक्षता नावाची नवी शिपाई आली. मुलुंडची मुलगी, भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली. तिला प्रश्न विचारायची खोड होती. माझं खोकं अजून कपाटावर होतं, ते तिने खाली काढून वाचलं. मी किती दूर पोचते, पाण्यात किती खोल चालते, किती तास जळते, सगळं त्यावर मोठ्या अक्षरांत होतं. तिने गुणाजींना विचारलं, की रंग किती खरे दाखवते ते कुठे लिहिलंय. गुणाजींनी तिला सांगितलं, की ही बॅटरी आहे, सिनेमाचा पडदा नव्हे. सगळे हसले. अक्षताही हसली आणि तिने खोकं परत ठेवलं.

आता डिसेंबरातल्या त्या संध्याकाळकडे येते.

मनोरीतल्या एका आळीत एक रीत होती. ओहोटीला माणूस तिवरांच्या दलदलीतल्या झाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेला, की पाण्याच्या ज्या चिंचोळ्या चरीतून तो आत शिरेल तिच्या तोंडाशी काठी रोवायची आणि तिला घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. बाहेर आला की चिंधी सोडून खिशात घालायची. चिंधी आहे म्हणजे माणूस आत आहे. तिथल्या म्हाताऱ्या बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसत, म्हणून चिंधीही लालच. हिरव्या पानांत आणि राखाडी चिखलात लाल लांबून उठून दिसतं. दिवसा सूर्य होता आणि पूर्वी काळोख पडल्यावर कंदील होते. दोघांच्याही उजेडात लाल असतं, म्हणून ही रीत कधी कोणाला फसली नव्हती.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ॲग्नेस चौकीत आली. साठी ओलांडलेली, हाडापेराने मजबूत बाई. तिचा नवरा इग्नेशियस दुपारी अडीचला चिंबोऱ्यांना गेला होता आणि पाचपर्यंत यायला हवा होता.

"म्हातारा आला नाही अजून," ती म्हणाली. "नऊला पूर्ण भरती आहे."

ती एवढंच बोलली. तिच्या हातात पत्र्याची जुनी, काचेच्या बल्बची बॅटरी होती. तिचा उजेड पिवळा होता आणि दहा पावलांवर संपत होता. ॲग्नेसला होडीत यायचं होतं. गुणाजींनी तिला समजावलं, की आत चिखल आहे, पाणी चढतंय, आम्ही आहोत ना. मग तिच्या हाताकडे बघून ते म्हणाले, "आणि बाय, तो काजवो घराकडेच ऱ्हवांदे. आमची ही बघ." त्यांनी मला पेटवलं. चौकीसमोरचा अख्खा धक्का पांढरा झाला. ॲग्नेसने डोळ्यांवर हात घेतला.

होडी तिच्या पुतण्याची होती, रसेलची. तो इंजिनापाशी बसला, गुणाजी पुढे मला घेऊन, अक्षता मध्ये. इग्नेशियस जाई त्या बाजूला सहा चरी होत्या. प्रत्येक चरीच्या तोंडाशी जाळ्यांचे जुने खुंट उभे होते आणि तिवरांच्या फांद्यांना भरतीने आणून सोडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. मी एकेक चर उजळत गेले. चिखलातून बारीक टकटक आवाज येत होता, जणू कोणी अंधारात बसून जिभेने च् च् करत आहे. रसेल हाक मारी आणि थांबे. उत्तर येत नसे. पुन्हा ते च् च् सुरू होई.

तिसऱ्या चरीत एका काठीवर काहीतरी ओलं लोंबत होतं. मी त्याच्यावर थांबले. ते काळपट तपकिरी होतं, शेजारच्या चिखलासारखं, शेजारच्या पिशवीसारखं.

"पिशवी आहे," रसेल म्हणाला.

आम्ही सहाही चरी पाहिल्या आणि उलटे आलो. पुन्हा सावकाश गेलो. तीन वेळा मी त्या काठीवरून फिरले. पाणी चढत होतं. पहिल्या खेपेला दिसलेली मुळं तिसऱ्या खेपेला दिसत नव्हती.

शेवटी गुणाजींनी ठरवलं, की चिंधी नाही म्हणजे इग्नेशियस तिवरांत शिरलेलाच नाही. तो खाडीच्या तोंडाकडे गेला असेल, तिकडे शोधायला हवं. विचार बरोबर होता. फक्त तो माझ्यावर उभा होता.

पेट्रोल घ्यायला आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा ॲग्नेस गुडघाभर पाण्यात उभी होती. रसेलने तिला सांगितलं, की आंटी, सगळीकडे बघितलं, चिंधी कुठेच नाही.

"मी माझ्या हातानं फाडून दिली," ती म्हणाली. "ती बांधल्याशिवाय तो आत पाय टाकणार नाही. चाळीस वर्षांत टाकला नाही."

ती कोणाला न विचारता होडीत चढली. या वेळी तिला कोणी अडवलं नाही.

पहिली चर गेली, दुसरी गेली. तिसऱ्या चरीपाशी तिने माझ्याकडे बोट केलं.

"ती बंद करा."

गुणाजी म्हणाले, "बंद केलंय तर दिसतला काय?"

"बंद करा म्हणते ना. हिच्यापुढे माझी आंधळी होते."

गुणाजींचा अंगठा हलला नाही. अक्षताने पुढे वाकून मला त्यांच्या हातातून घेतलं आणि बटण दाबलं.

मला दिसेनासं झालं. मी ऐकत राहिले. वल्ह्यावरून थेंब पडत होते. ॲग्नेसच्या बॅटरीचं बटण खट्‌ करून वाजलं. मग ॲग्नेसचा आवाज आला, अगदी साधा, हरवलेली सुई सापडल्यासारखा.

"ती काय, लाल."

"हो," रसेल म्हणाला. "आईच्यान, लाल आहे."

अक्षताने मला पेटवलं. मी त्या काठीवर पडले. काळपट तपकिरी. तिने मला बंद केलं आणि मला तिचा श्वास ऐकू आला. पुन्हा पेटवलं. तेच ओलं, काळपट, मेलेलं काहीतरी. पुन्हा बंद. मित्रांनो, होडीतल्या चौघांनी तो रंग जाताना आणि येताना पाहिला. काठी तीच, चिंधी तीच, वारासुद्धा नव्हता. मी आले की लाल मरत होतं आणि मी गेले की उठत होतं.

"रवळनाथा," गुणाजी हळूच म्हणाले.

"ते नंतर बघा," ॲग्नेस म्हणाली. "आत चला."

चर अरुंद होती. रसेलने इंजिन बंद करून काठीने होडी रेटली. अक्षताने मला पुन्हा लावलं, कारण फांद्या चुकवायला झोत हवाच होता. शंभरेक हातांवर इग्नेशियस दिसला. तिवराच्या खोडाला पाठ लावून तो अर्धवट बसला होता, पाणी छातीपर्यंत आलं होतं, डोळे अर्धे मिटलेले होते. फुटक्या बाटलीवर पाय पडून पोटरी फाटली होती आणि चिखलाने तोच पाय धरून ठेवला होता, हे नंतर कळलं. त्या वेळी माझ्या उजेडात सगळंच एका राखाडी गोळ्यासारखं दिसत होतं, माणूस कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

गुणाजी आणि रसेल यांनी त्याला ओढून होडीत घेतलं. गुणाजींनी गळ्यापाशी बोटं लावली आणि नाडी आहे म्हणून सांगितलं. अक्षताने मला त्याच्या अंगावरून फिरवलं, कुठे लागलंय ते बघायला. मी पायावर थांबले. गुडघ्यापासून खाली काळा, चकचकीत चिखल. मी तिथे कोणाहीपेक्षा जवळ होते, आणि मी चिखलच दाखवला. रसेलने होडी वळवायला काठी उचलली.

तेवढ्यात ॲग्नेसने तिची पिवळी बॅटरी नवऱ्याच्या तोंडाशी नेली, मग छातीशी, मग पायाशी. तिथे ती थांबली. अक्षताने काही न विचारता मला बंद केलं.

"हा चिखल नाही," ॲग्नेस म्हणाली. "वाहतंय ते."

पँटची नाडी त्याने स्वतःच पायाला करकचून बांधली होती. त्याला ओढताना ती निसटली होती आणि चिखलाखालून ताजं रक्त येत होतं. अक्षताने दोन्ही हातांनी पोटरी दाबून धरली. ॲग्नेसने लुगड्याचा पदर फाडून दिला. तो घट्ट बांधून होईपर्यंत आणि धक्क्याला लागेपर्यंत अक्षताने हात काढले नाहीत. हे सारं मी अंधारात ऐकलं. मला पुन्हा कोणी लावलं नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी रसेलला सांगितलं, की अजून वीसेक मिनिटं तसंच वाहू दिलं असतं तर उपयोग नव्हता. इग्नेशियस वाचला. त्याच्या एका पावलाला अजून मुंग्या येतात आणि तो तिवरांत जात नाही.

तीन दिवस गुणाजींनी मला हात लावला नाही. चौथ्या दिवशी अक्षता मला मुलुंडला तिच्या जुन्या कॉलेजात घेऊन गेली. तिथल्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. ते उजेडाला फोडून त्यात कोणता रंग किती आहे ते कागदावर काढून दाखवतं. मला त्याच्यासमोर धरलं. कागदावर एक उंच निळा सुळका उगवला, मग एक खळगा, मग पिवळ्याची टेकडी, आणि पुढे जिथे गडद लाल असायला हवा तिथे रेघ उतरत उतरत जमिनीला टेकली. जे उजेडात नाही ते वस्तू परत कुठून करणार? लाल चिंधीने मला प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं. मी तिला प्रश्नच चुकीचा विचारला होता. उजेडाला रंगांचे गुण देतात, शंभरपैकी. सूर्याला शंभर. मला सदुसष्ट मिळाले. गडद लालचे गुण वेगळे काढतात. त्यात मी शून्याच्या खाली गेले. शून्याखालीही गुण असतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग चौकीसाठी नव्या बॅटऱ्या घ्यायचं ठरलं. निरीक्षक वनमालामॅडमनी विकणाऱ्यांकडून पाच नमुने मागवले आणि परीक्षा अक्षतावर सोपवली. माडाकडे या वेळी कोणी बघितलं नाही. अक्षताने भर दुपारी मुद्देमालाची खोली मागितली. गुन्ह्यांत जप्त केलेल्या वस्तू सील करून ठेवतात ती ही खोली. तिला खिडकी नाही. बोरिवलीच्या एका शिंप्याकडून तिने बारा कातरणं आणली होती, प्रत्येकाला नंबर. मेरून, कॉफी, जांभळा, गडद निळा, काळा, शेंदरी, असे काळोखात एकमेकांत मिसळणारे. प्रत्येकाने प्रत्येक बॅटरीच्या उजेडात रंग लिहायचे आणि मग बाहेर उन्हात येऊन तपासायचे. सहावी परीक्षार्थी मी होते.

माझ्या उजेडात गुणाजींचे बारापैकी सात चुकले. नितेश नावाचा शिपाई म्हणाला, "काका, काकूंची साडी घ्यायला हीच घेऊन गेला होतात काय?" गुणाजी नेहमी अशा टोमण्याला दुप्पट परत करत. त्या दिवशी ते आपल्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, की तीस वर्षं मी पंचनाम्यात रंग लिहितोय. काळोखात जो दिसला तो लिहिला आणि पंचांनी सह्या केल्या.

ज्या बॅटरीत सगळ्यांचे बाराच्या बारा बरोबर आले ती दिसायला किरकोळ होती. तिचे गुण पंचाण्णव, आणि लालचेही चांगले होते. पण तिचा झोत माझ्या निम्म्यावर संपत होता. नितेशने विचारलं, की समुद्रावर एवढीशी काय चाटायची? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खोली थोडा वेळ भांडली. तेव्हा अक्षता म्हणाली, की आता कातरणं बाजूला ठेवा आणि आपापला तळहात पुढे करा.

तिने मला पेटवलं.

सीलबंद पुड्यांच्या त्या कोंदट खोलीत सात हात माझ्यासमोर आले. मित्रांनो, ते सातही हात मला एकाच माणसाचे वाटले, आणि तो माणूस जिवंत नव्हता. मेणासारखे, हिरवट, नखांखाली राखाडी. कोणीतरी बोट हलवून पाहिलं. ते हललं, तेव्हा वनमालामॅडम अर्धं पाऊल मागे सरकल्या. गुणाजींनी तळहात उलटा केला, सुलटा केला.

"ह्यो माझो हात?" त्यांनी विचारलं.

मग मला बंद केलं आणि त्या किरकोळ बॅटरीचं बटण वाजलं. मला काही दिसलं नाही. पण त्या खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडलेला मी ऐकला. कोणीतरी नितेशला म्हणालं, की मेंदी अजून गेली नाही रे तुझी, लग्नाला महिना झाला. आणि सगळे हसले, मोठ्याने, जरा जास्तच वेळ.

ठराव गुणाजींनीच मांडला. दूर बघायला लांब पोचणारी असू दे. पण माणूस, कपडा, गाडी, डाग, ज्याचा रंग सांगायचा ते दुसरीनेच बघायचं, आणि कोणत्या उजेडात पाहिलं तेही पंचनाम्यात लिहायचं. वनमालामॅडमनी सही केली.

मी अजून चौकीतच आहे. होडीच्या पुढच्या टोकाला मला ठेवतात, फांद्या आणि किनारा बघायला. ते काम मी चांगलं करते. माझ्या नळीवर अक्षताने पट्टी चिकटवली आहे: "हिला रंग विचारू नये." मला तिचा राग येत नाही. माझ्या अंगावर कोणी लिहिलेलं ते पहिलं खरं वाक्य आहे.

मित्रांनो, मला फेकून द्या असं मी म्हणत नाही. आम्हां बॅटऱ्यांना आपण काय लपवतो ते ठाऊक नसतं, म्हणून ते तुम्हीच विचारायला हवं. एखादी बॅटरी फार लांब पोचते म्हणून दुकानदार तुम्हांला रस्त्यापलीकडची पाटी दाखवेल, तेव्हा घाई करू नका. तिला आत घेऊन जा, दार लावा आणि तिच्यासमोर आपला हात धरा. हात तुमचा वाटला, तरच तिला घरी आणा.